वैशाखातला तांब्या

सिडको, औरंगाबाद
रविवार, २० नोव्हेंबर १९८८

प्रिय बाई,

सासूला ‘तीर्थरूप’ लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. शाळेत पोरींना पत्रलेखन मीच शिकवते आणि मायना चुकला की अर्धा गुणही कापते. पण तुम्ही वाचायला शिकत होता तेव्हा औरंगपुऱ्यात एका साडीच्या दुकानाच्या पाटीवर ‘प्रिया’ हे पहिलं जोडाक्षर तुम्ही आपलं आपण वाचलंत, आणि भर रस्त्यात असं ओरडलात की रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला. तेव्हापासून हा शब्द मी तुमच्याच नावावर करून ठेवलाय. अक्षर मोठं काढलं आहे. चष्मा लावा, ओट्यावर उजेडात बसा आणि हे पत्र तुमचं तुम्हीच वाचा. पुंजारामभाऊंना वाचायला देऊ नका. कितीही वेळ लागला तरी शेवटपर्यंत वाचा आणि मधेच पान उलटू नका, कारण मी सगळं क्रमानं सांगणार आहे.

बाई, काय जाम लागलेत म्हणून सांगू! दिवाळीनंतर एसटीच्या कंडक्टरबरोबर पाच पाठवले होते, ती नुसती चव होती. आज सकाळी मी स्टुलावर चढून मोजले, अजून एकशे सदतीस झाडावर आहेत. दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा एका पोपटानं मधेच तोंड घातलं आणि माझा आकडा चुकला. वाटीएवढाले आहेत, पिवळसर, बाहेरून जरा खडबडीत आणि आत लालबुंद. मागचं दार उघडलं की माझ्याआधी वासच घरात येतो. कालपासून स्वयंपाकघर, कपडे, शाळेची पिशवी, सगळ्याला जामाचा वास आहे. आमच्याकडं पुण्याच्या एक नव्या बाई आल्यात, त्या याला ‘पेरू’ म्हणतात. म्हणोत बापड्या! डब्यातली फोड खाल्ली आणि तासाची घंटा होऊन गेली तरी त्या जागच्या उठल्या नाहीत. तुमचे चिरंजीव कारखान्यातून आले की बूट न काढता मागं जातात आणि झाडाखाली उभे राहून मीठ-तिखटासकट दोन खातात. मग जेवताना ‘भूक नाही’ म्हणतात. लग्नाला दहा वर्षं झाली, या माणसाला भूक नाही हे मी पहिल्यांदाच ऐकते आहे.

ब्याऐंशी साली आपण या घरात आलो तेव्हा मागं काय होतं? विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं आणि मुरूम. तुम्ही फर्दापुराहून डालड्याच्या डब्यात या जामाचं कलम घेऊन आलात. शंभर किलोमीटर मांडीवर धरून! अजिंठ्याच्या घाटात कंडक्टर म्हणाला, डबा टपावर ठेवा, तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, “लेकराला टपावर ठिवतो का रं तू?” मी तेव्हा तुम्हाला घाबरायचे. पैठणच्या भिक्षुकाची पोरगी सून म्हणून तुमच्या घरात आली होती आणि तुम्ही माझ्याशी चार वर्षं धड बोलला नव्हतात. त्या दिवशी तुम्ही पहार माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “खण.” मी खणलं. हाताला फोड आले. संध्याकाळी तुम्ही त्यांना हळद-तेल लावलंत, आणि ‘पोरी’ म्हणालात ते तेव्हा पहिल्यांदा.

झाड तुमच्याच हातानं लावायचं हे तुमच्या लेकानं आधीच बजावलं होतं. तुमच्या हाताचं कौतुक मी यांच्याकडूनच ऐकलं होतं. फर्दापूरला तिफणीच्या चाड्यावर बियाण्याची पहिली मूठ आवडाबाईनं धरायची, मग बाकीच्यांनी पेरायचं. सासरे गेले त्या साली गावातल्या चार जाणत्यांनी कुजबुज केली की आता विधवेच्या हातची मूठ नको. तेव्हा पुंजारामभाऊंचे वडील सगळ्यांसमोर म्हणाले होते, “गव्हाला कपाळ दिसत नाय, हात कळतो,” आणि तिफण तुमच्यासमोर आणून उभी केली होती. ही गोष्ट सांगताना तुमचे लेक अजून डोळे पुसतात. कुंकू गेलं, जमिनीचा कारभार पुतण्याकडं, पुंजारामभाऊंकडं गेला, पण हात तुमचा राहिला होता. म्हणून गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तुम्ही पिशवी भरलीत आणि “माझ्या हाताला यश नाय ऱ्हायलं आता, हितली मातीबी मला वळखंना,” असं म्हणून एसटीत बसलात, तेव्हा हे मला म्हणाले, आई म्हातारी झाली गं. दोन वर्षं ओळीनं तुम्ही पाणी तोडून झाडाला ताण दिलात आणि दोन्ही वर्षं झाड नुसतं पानांनी माजलं, एक फूल आलं नाही. तेवढ्यावरून तुम्ही स्वतःला निकालात काढलंत. बाई, तो निकाल चुकीचा आहे. हे सगळं पत्र मी तेवढ्याच एका गोष्टीसाठी लिहिते आहे.

तर या वर्षाची हकिकत ऐका. तुम्ही गेल्यावर तुमची शुद्धलेखनाची वही फडताळात सापडली. ‘कमल नमन कर’ तुम्हाला कधी आवडलं नाही. “ह्या कमळाचं मला काय करायचंय?” म्हणायच्या. म्हणून मी सांगितलं होतं की तुम्हाला जे येतं ते लिहा, आणि तुम्ही पानंच्या पानं जामाविषयी लिहून ठेवलं होतं. मी त्या वहीला नवं कव्हर घातलं आणि चैत्रापासून वहीबरहुकूम चालले. ‘चइत सरता पानी बंद. पानं गळत्यात. भ्यायचं नाय.’ मी भ्यायले, बाई. झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची, म्हणजे मग पुढं ते जिवाच्या आकांतानं फुलतं, हे वहीत वाचणं वेगळं आणि रोज सकाळी त्या झाडासमोर उभं राहणं वेगळं. पहिल्या पंधरवड्यात पानं मलूल झाली. मग पिवळी. मग अंगणभर पाचोळा आणि झाडाच्या नुसत्या काठ्या. शेजारच्या मनकर्णाबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “मेलं की वो तुमचं जाम!” आणि एके दिवशी पहाटे मला बादलीचा आवाज आला. जाऊन बघते तर तुमचे चिरंजीव चोरासारखे बादली घेऊन झाडाकडं चाललेले! मी धावत जाऊन हात धरला. म्हणाले, “अगं, जीव आहे त्यात.” मी म्हटलं, जीव आहे म्हणूनच. भरलेली बादली मोरीत ओतायला लावली. शेतकऱ्याचा पोरगा आणि भिक्षुकाच्या लेकीकडून शेती शिकतोय, तुम्ही असता तर पदराआड हसला असता.

मग मृगाच्या आधी आळं उकरलं. ‘मुळ्या उगड्या करा. चार दिस उन खाऊ द्या.’ बारीक मुळ्या दिसायला लागल्या तेव्हा मला उगीचच लाजल्यासारखं झालं, कुणाच्या तरी खासगीत हात घातल्यासारखं. चार पाट्या शेणखत चिकलठाण्याच्या एका गोठ्यातून यांनी सायकलवर दोन खेपा करून आणलं, आणि कॉलनीत दोन दिवस आपल्या घराचा पत्ता कुणाला विचारावा लागला नाही. पहिलं पाणी थोडं दिलं, दुसरं त्याहून जास्त, तुम्ही लिहिलंय तसंच. आठव्या दिवशी, बाई, काठीच्या टोकाला पोपटी ठिपका! मी शाळेला उशिरा गेले, मस्टरवर लाल खूण झाली, मला काही वाटलं नाही.

आणि मग फुलं! आषाढात एका रविवारी मी भाकरी तव्यावर टाकून मीठ घ्यायला वळले आणि खिडकीतून पांढरं काहीतरी दिसलं. भाकरी करपली. यांना हाका मारल्या तर हे साबण लावलेल्या तोंडानं बाहेर आले. त्या एका दिवसात अकरा फुलं मी मोजली. दहा दिवसांनी मोजायचं सोडून दिलं. मधमाश्यांचा तो गुणगुणाट, खाली पडलेल्या पांढऱ्या तुऱ्यांचा सडा, मी झाडायचीच नाही. श्रावणात सुपारीएवढी फळं धरली. यंदा पाऊसही कसा झाला ते तुम्ही तिकडं पाहिलंच आहे. भाद्रपदात दाटीतली थोडी खुडायची, असं वहीत आहे. खुडताना माझा जीव वरखाली होत होता, पण खुडली. आश्विनात पोपट आणि खारी आल्या. मग मी यांचे जुने मोजे काढले. कारखान्यातून मिळालेले, अंगठ्याला भोकं पडलेले बावीस मोजे मी फळांना चढवले. काही निळे, काही खाकी. मनकर्णाबाई म्हणाल्या, “आता बूट तेवढे घाला!” बाई, त्या हसल्या तेव्हा मला फार बरं वाटलं. पहिल्या तोडीतले आठ जाम मी त्यांच्या घरी नेऊन दिले. त्यांचं आपण देणं लागत होतो. का, ते पुढं सांगते.

इथं जरा उठून पाणी पिऊन आले. पत्रातसुद्धा मी फार बोलते आहे ना? तुम्ही म्हणायच्याच, “तू लई बोलाया लागलीस की समजावं, पोटात काहीतरी हाय.” आहे. मी चैत्र सांगितला आणि एकदम मृगावर आले. मधला वैशाख मी गाळला. तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल.

दर वर्षी चैत्री पुनवेनंतर तुम्ही नांगरटीला आणि लग्नांना फर्दापूरला जायच्या आणि मृगाला परत यायच्या. शहाऐंशी साली जाताना तुम्ही मला झाडाशी नेऊन सांगितलं होतं, “ध्यान ठेव. कुणी पाण्याचा थेंब घालाया नगं.” झाड तुम्ही माझ्या स्वाधीन केलं होतं. त्याच वर्षी पैठणला माझी आई अंथरुणाला खिळली. आमच्याकडं वैशाखात पाण्याचं दान फार मोठं मानतात. आई गेली तीस वर्षं वैशाखाचा महिनाभर रोज पहाटे नदीवरून येताना पिंपळाला तांब्याभर पाणी घालायची. वैशाखात तहानलेल्या झाडाला पाणी घातलं की पितरांच्या तोंडात पडतं, असं ती सांगायची. ती मला म्हणाली, “दमे, यंदा माझ्या नावानं तू घाल, खंड पडू देऊ नकोस.” मी हो म्हटलं. इथं सिडकोत तेव्हा पिंपळ कुठला? सगळ्या गल्लीत एकच झाड होतं, तुमचा जाम.

मी स्वतःशी म्हटलं, एका तांब्यानं काय होतंय. पहिले चार दिवस एकच तांब्या घातला. मग झाड इतकं केविलवाणं दिसायला लागलं की दोन घातले. तिसऱ्या आठवड्यात मी बादली घालत होते, बाई. यांची रात्रपाळी होती, त्यांना पत्ता नव्हता. झाडाला टवटवी आली तेव्हा मला वाटलं, आईचं पुण्य पावलं. मृगाला तुम्ही आलात, झाडाकडं पाहिलंत आणि मला विचारलंत, “पाणी घातलं व्हतं का कुणी?” मी म्हणाले, नाही. का म्हणाले ते आजही नीट सांगता येत नाही. तुम्ही ‘पोरी’ म्हणायला चार वर्षं लागली होती, ते जाईल अशी भीती वाटली असेल. तुम्ही माझ्याकडं एकदा पाहिलंत आणि म्हणालात, “तू कशाला खोटं बोलशील?” त्यानंतर तुम्ही मनकर्णाबाईंच्या न्हाणीचं पाणी इकडं झिरपतंय म्हणून त्यांच्याशी कडाक्याचं भांडलात, आणि भिंतीच्या कडेनं हातभर चर खणलात. चर कोरडा ठाक निघाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं, आणि कळसा घेऊन मी तुमच्या शेजारी चहा देत उभी होते.

दुसऱ्या वर्षी तर मला सगळं ठाऊक होतं. ताण म्हणजे काय ते तुम्ही वहीत लिहून माझ्याकडूनच तपासून घेतलं होतं. पण माघात आई गेली होती. वैशाखाच्या पहिल्या पहाटे जाग आली आणि तिचा आवाज कानात आला, खंड पडू देऊ नकोस. मी उठले, तांब्या भरला आणि झाडाला घातला. महिनाभर रोज. आईसाठी घालत होते आणि तुमच्या विरुद्ध घालत होते, हे दोन्ही मला त्या वेळी कळत होतं. मृगाला तुम्ही आलात. या वेळी मला काही विचारलंसुद्धा नाहीत. झाडाखाली बसून नुसते आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिलेत. ते मी खिडकीतून पाहिलं. तेव्हा बाहेर येऊन बोलायला हवं होतं. मी भांडी घासत राहिले.

यंदा वैशाख लागायच्या आधी मी शहागंजातून एक रांजण आणला आणि फाटकाबाहेर लिंबाच्या रोपाशेजारी ठेवला. कारखान्यातून येणारी-जाणारी माणसं, भाजीवाल्या, शाळेची पोरं, सगळी पाणी पिऊन जायची. आईच्या नावाचा तांब्या तिथं पडला. खंड पडला नाही, आणि झाडही वाचलं. हे इतकं सोपं होतं आणि मला दोन वर्षं सुचलं नाही.

जाम लागले तेव्हा मी अशी हुरळून गेले की वाटलं, आता काही सांगायची गरज नाही. पाच जाम पाठवले की बाईंना कळेल, झाड चांगलं आहे, माती चांगली आहे, आणि त्या हसत पुढच्या एसटीनं येतील. माझी अक्कल बघा! आज सकाळी पुंजारामभाऊ दुकानाच्या कामानं आले. चहा घेताना त्यांनी सांगितलं की ते पाच जाम तुम्ही देवापुढं ठेवलेत आणि तोंडात फोडही घातली नाहीत. म्हणालात, “बघ, मी निघाले आन् झाड फळलं. हातातच खोट व्हती.” आणि गव्हाचं वावर तयार असून, तिफण दारात येऊन दोनदा परत गेली, तुम्ही मूठ धरत नाही. दुसऱ्या कुणाची धरा, माझी नको, म्हणता. पुंजारामभाऊ अडून बसलेत की काकूशिवाय पेरणी नाही, आणि जमिनीतली ओल उडून चाललीय. माझ्या पाच जामांनी माझंच खोटं खरं करून दाखवलं होतं. त्यांना जेवायला बसवलं, यांना आतल्या खोलीत बोलावून दोन वर्षांचं सगळं सांगितलं. हे म्हणाले, “मला नको सांगू, तिला सांग.” म्हणून हे पत्र. बाई, तुमच्या हातात खोट नव्हती. तुमच्या हातानं लावलेलं झाड, तुमच्या हातच्या वहीप्रमाणे मी चालले, तर पहिल्याच वर्षी लगडलं. मधली दोन वर्षं मी मोडली आणि तुमच्या तोंडावर नाही म्हणाले. हे गावात चार माणसांत सांगावंसं वाटलं तर खुशाल सांगा, माझं नाव घेऊन सांगा. दोन वाजताची गाडी आहे, पुंजारामभाऊ टोपी घालून उभे आहेत. रागवा, वाटेल ते बोला, मला कधी माफ केलं नाहीत तर तेही मी सोसेन. पण उद्या सकाळी मूठ धरा.

तुमचीच,
दमयंती